आधी दिवस ठरवा, मग ठिकाण

या वेळच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला आहे. हनिमूनला जायचं कुठे, आणि दोघांच्या आवडी जुळत नसतील तर ऐकायचं कुणाचं? नवविवाहितांच्या सहली आखून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे या बाबतीत माझी मतं ठाम आहेत. पहिल्या पत्राला जरा लांब उत्तर देते, कारण बहुतेक जोडप्यांच्या अडचणी त्या एकाच पत्रात सापडतात.

प्रश्न : ताई, आमचं लग्न नोव्हेंबरअखेर आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, जाऊन-येऊन आठ दिवस हातात आहेत. त्याला डोंगर हवेत. लेहला जायचं हे त्याने कॉलेजात असल्यापासून मनाशी धरलं आहे. मला समुद्र हवा, म्हणून मी अंदमान सुचवलं. तो लगेच म्हणाला, ‘चालेल, तू म्हणशील तिथे.’ मग मीही म्हटलं, ‘नाही, तू म्हणशील तिथे.’ महिना झाला, बुकिंगचा पत्ता नाही. मला घाटात गाडी लागते, बोटीतही मळमळतं. तो पाण्याला घाबरतो, पण हे मला त्याच्याकडून नाही, त्याच्या बहिणीकडून कळलं. या वेळी त्याचं, पुढच्या वेळी माझं, असं वाटून घेऊ का?

नको गं. ही वाटणी पुढच्या प्रवासांना चालेल, या प्रवासाला नाही. दोघांपैकी एकाच्या मनासारखं झालं की दुसरा पाहुण्यासारखा वागतो. सगळ्याला ‘छान आहे’ म्हणतो आणि त्याला काय खुपलं ते कळतच नाही. एकमेकांना ओळखायचे हे पहिले दिवस. त्यात अशी भिडस्त सोबत कशाला?

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची वाक्यं शेवटी आली आहेत. गाडी लागते, बोट लागते, पाण्याची भीती. कुणाचीही सहल आखताना मी आवडीनिवडी नंतर विचारते. आधी विचारते, काय सोसत नाही? आवडीत पुष्कळ जागा असते. डोंगरवेडा माणूस चार दिवस समुद्रकाठी मजेत राहू शकतो. पण जिला बोट लागते तिला दोन तास बोटीत बसवलं की तिचा तो दिवस गेला, आणि शेजारी बसून पाठ चोळणाऱ्याचाही गेला.

आता तुमची दोन्ही ठिकाणं या प्रश्नापुढे ठेवून बघ.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. विमानाने थेट उतरलं तर शरीराला जुळवून घ्यायला वाटेत वेळच मिळालेला नसतो. म्हणून पहिले २४ ते ४८ तास विश्रांती घ्यावीच लागते, वय कितीही कमी असलं आणि व्यायामाची सवय कितीही असली तरी. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही तिथली नेहमीची तक्रार. आठातले दोन दिवस असे जातील. त्यात डिसेंबर. रात्री पारा उणे दहा-पंधरापर्यंत उतरतो, नळ गोठतात, पुष्कळ हॉटेलं हिवाळ्यापुरती बंद असतात. पँगाँग सरोवराला जायचं तर पाच हजार मीटरच्या वरची चांग ला खिंड ओलांडायची, आणि वळणावळणाचा तो रस्ता तुझ्यासाठी किती कठीण ते तुलाच ठाऊक. लेह त्याच्या मनातून काढून टाकू नका. फक्त जून ते सप्टेंबरातल्या एखाद्या मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवा.

अंदमानचा राधानगर किनारा माझ्याही फार आवडीचा आहे. पण तो स्वराज द्वीपवर आहे, म्हणजे ज्याला आधी हॅवलॉक म्हणायचे तिथे. अंदमानच्या राजधानीतून, म्हणजे पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम), तिथे जायला फेरीबोटीने दीड-दोन तास लागतात, कधी त्याहून जास्त. डिसेंबरच्या सुरुवातीला ईशान्य मोसमी वारे पुरते सरलेले नसतात. समुद्र खवळलेला असला तर बोट हेलकावते, कधी रद्दही होते. तू बोटीत हैराण, तो चारी बाजूंच्या पाण्याने धास्तावलेला, आणि दोघंही एकमेकांसाठी हसरा चेहरा करून बसलेले. असं मला अजिबात नको आहे.

म्हणून ठिकाणांची नावं आठवडाभर बाजूला ठेवा. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर एक दिवस लिहून काढा, हनिमूनचा मधला कुठलाही दिवस. किती वाजता उठायचं? सकाळी पायाला काम हवं की नको? आजूबाजूला माणसं किती असलेली चालतील? दुपारी झोप, वाचन, की बाहेर? संध्याकाळी आवाज-गजबज हवी की शांतता? त्याखाली ‘हे मला जमणार नाही’ अशा गोष्टी. लिहिताना एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही, आणि ‘तू म्हणशील तसं’ हे उत्तर बाद. मग कागद बदला.

माझा अंदाज सांगते. त्याच्या कागदावर ‘डोंगर’ या शब्दामागून चालणं, उंचावरून दूरवर बघणं, गर्दी नसणं अशा गोष्टी बाहेर येतील. तुझ्या कागदावर ‘समुद्र’ म्हणजे लाटांचा आवाज, अनवाणी फिरणं, मोकळी संध्याकाळ. पोहणं किंवा बोट तुझ्या कागदावर असेल असं मला तरी वाटत नाही. तसं निघालं तर तुमचे दिवस एकमेकांच्या किती जवळ आहेत बघ!

अशा दिवसाला डिसेंबरात कर्नाटकातलं गोकर्ण फार चांगलं. पाऊस संपलेला असतो, रेल्वेने जाता येतं, त्यामुळे घाटातली गाडी टळते. गावाच्या दक्षिणेला कुडले, ओम, हाफ मून आणि पॅराडाइज असे किनारे एकापाठोपाठ आहेत आणि त्यांच्या मधल्या टेकड्यांवरून पायवाट जाते. त्याला चढ-उतार आणि कड्यावरून दिसणारं क्षितिज, तुला पायाखाली वाळू, आणि दोघांपैकी कुणालाही पाण्यात उतरायची सक्ती नाही. ऊन चढायच्या आत चालून घ्या, पाणी सोबत ठेवा, आणि अंधार पडायच्या आत टेकडीवरून खाली या.

परदेशी जायचं असेल तर मॉरिशसचा विचार करा. बेटाच्या बहुतेक बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आतलं पाणी शांत, उथळ राहतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून सुरुवात करायला, पाण्याला घाबरणाऱ्या माणसासाठी, याहून बरी जागा मला सुचत नाही. नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न ब्राबाँ हा ५५६ मीटरचा सुळका आहे. २००८ साली तो जागतिक वारसा यादीत आला. पळून गेलेले गुलाम या डोंगराच्या कपारींत आसरा घेत, हा त्याचा इतिहास चढण्याआधी वाचून जा. वरचा टप्पा हातापायांनी चढायचा आहे. तो त्याने वाटाड्यासोबत चढावा, तू खालच्या टप्प्यापर्यंत जा किंवा किनाऱ्यावर थांब. तिथे डिसेंबर म्हणजे उन्हाळा. उकाडा असतो, सरीही येतात, पण चक्रीवादळांचे जोराचे महिने जानेवारी ते मार्च.

गाडी लागण्याबद्दल: डोळ्यांना जे दिसतं आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जे जाणवतं त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळतं. पुढच्या सीटवर बस, नजर लांबवर ठेव, मोबाइल बॅगेत. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. वळणं सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही.

एक राहिलंच. त्याच्या भीतीबद्दल बहिणीकडून कळल्याचं त्याला सांगू नकोस. तू तुझं आधी सांग. ‘मला बोटीत उलट्या होतात, मला लाज वाटते म्हणून बोलले नव्हते’, इतकं स्पष्ट. त्यानंतर त्याला त्याचं सांगायला सोपं जाईल, आणि नाही सांगितलं तरी त्याच्या कागदावर ते येईलच.

प्रश्न : ताई, माझी होणारी बायको अतिदक्षता विभागात नर्स आहे. रात्रपाळ्यांनी थकून गेली आहे. तिला मालदीवला जाऊन फक्त झोपायचंय, असं ती म्हणते. मी पहाटे पाचला उठून पळणारा माणूस. बेटावर आठ दिवस नुसतं बसणं मला शिक्षा वाटेल. लग्न फेब्रुवारीत आहे.

तिला झोपू दे. तिची झोप हा आळस नाही, ती तिची गरज आहे, आणि या सहलीत ती गरज पहिली. पण तुझी बेचैनीही खरी आहे. ती दाबून ठेवलीस तर चौथ्या दिवशी तू तिला उठवायला लागशील.

मालदीवमध्ये बहुतेक वेळा एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. कित्येक बेटं इतकी लहान, की पंधरा-वीस मिनिटांत पायी फेरी पूर्ण होते. चढ-उतार म्हणशील तर काहीच नाही. समुद्रसपाटीपासून देशाची सरासरी उंची दीड मीटरच्या आसपास. म्हणून बुकिंग करताना खोलीच्या फोटोंबरोबर बेटाची लांबी विचार. पळणाऱ्या माणसाने हा प्रश्न विचारायलाच हवा. लोकवस्तीच्या बेटावर राहणार असाल तर तिथले नियम आधी वाचा. मद्याला बंदी असते आणि बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर चालते.

फेब्रुवारी तिथला कोरडा ऋतू, पाणी बहुधा नितळ असतं. तुझ्यासाठी माझं उत्तर एकच: डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स कर. लेखी भाग निघण्यापूर्वी ऑनलाइन उरकता येतो, पाण्यातला भाग तीन-चार दिवसांचा. सकाळी तू पाण्याखाली, ती झोपेत. जेवायच्या वेळी तुझ्याकडे तिला सांगायला काहीतरी असेल आणि ती ऐकण्याइतकी ताजीतवानी असेल. आरोग्याची प्रश्नावली भरताना दमा, कानाचे त्रास, हृदयाचे त्रास लपवू नकोस. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यावे लागतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ हवा. रिसॉर्टहून नेणारं समुद्री विमान हेही विमानच, ते या हिशेबात धर. ही समुद्री विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. संध्याकाळी उशिरा राजधानी मालेला पोचलात तर ती रात्र तिथेच काढावी लागेल, आणि तिच्या झोपेचा पहिलाच दिवस विमानतळाच्या धावपळीत जाईल. सकाळी किंवा दुपारी पोचणारं विमान घ्या.

आठ दिवस मात्र नकोत. पाच पुरेत. उरलेले तीन घरी, नव्या घराची घडी बसवायला ठेवा. आणि दिवसातली एक वेळ आत्ताच ठरवा, जी दोघांची. दुपारी चारपासून रात्रीपर्यंत म्हणा. त्या वेळेत पळणं नाही, झोप नाही.

प्रश्न : मला बायकोला सरप्राइज द्यायचंय. ठिकाण तिला विमानतळावरच कळावं अशी इच्छा आहे. तिला काय आवडतं ते मला ठाऊक आहे. कसं जमवू?

जमवू नका, असं मी मनापासून सांगते. परदेशात जायचं असेल तर तिला न कळता ते होणारही नाही. कित्येक देशांच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला तिला स्वतः जावं लागेल, अर्जावर सही तिचीच लागेल. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. लग्नानंतर ती नाव बदलणार आहे की नाही, बदललं तर कधी, हे तिला विचारल्याशिवाय कसं ठरेल? बरेच देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिने तरी पासपोर्ट वैध असावा असं मागतात.

त्याहून महत्त्वाचं तिच्या शरीराचं. पाळीची तारीख तिला माहीत, तुम्हाला नाही. तारीख पुढे ढकलायची असेल तर त्यासाठीची गोळी डॉक्टरांना विचारून, अपेक्षित तारखेच्या दोन-तीन दिवस आधी सुरू करावी लागते. विमानतळावर कळून काय उपयोग? लवकर मूल हवं असेल तर झिका या, गर्भाला धोका पोचवणाऱ्या विषाणूचा संसर्ग असलेले प्रदेश टाळायचे का, हाही प्रश्न दोघांचा. आणि सामान? थंडीचे कपडे की सुती, हे तिला तिचं ठरवता आलं पाहिजे.

ठिकाण दोघांनी मिळून निवडा. मग त्यातली एक संध्याकाळ पूर्ण तुमची, तिला न सांगता आखलेली. एका संध्याकाळचा आनंद मोठा असतो, आणि बेत फसला तरी सहल वाया जात नाही.

प्रश्न : नमस्कार. मी ५८ वर्षांची, ते ६१ वर्षांचे. आमचं दोघांचंही हे दुसरं लग्न. उत्तर ध्रुवाकडचे ते आकाशातले हिरवे प्रकाश बघायची माझी फार जुनी इच्छा आहे. त्यांना थंडी सोसत नाही, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. मुलं म्हणतात, या वयात जवळपास कुठेतरी जा. माझी इच्छा सोडून द्यावी का?

मुळीच नाही. तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. तुम्ही त्यांचं प्रत्येक दुखणं आधी लिहिलंत आणि आपली इच्छाही लपवली नाहीत. निम्मं काम तिथेच झालं.

नॉर्वेतलं ट्रोम्सो ६९ अंश उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही बरंच वर आहे. तरी उत्तर अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे तिथलं जानेवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास असतं. फिनलंडच्या आतल्या भागात मात्र उणे वीस-तीसपर्यंत जाऊ शकतं. थंडी सोसत नसेल तर किनारपट्टीच निवडा. महिना मार्च. नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रोम्सोत सूर्य उगवतच नाही आणि तो काळोख सगळ्यांना मानवत नाही. मार्चमध्ये दिवस-रात्र जवळपास समान होतात. दिवसा उजेडात फिरता येतं, रात्र पुरेशी काळी असते, आणि विषुवदिनाच्या आसपास हे प्रकाश दिसण्याची शक्यता थोडी वाढते. ढग असले तर काहीच दिसत नाही, कारण हा खेळ शंभर किलोमीटरच्या वर चालतो. म्हणून निदान चार-पाच रात्री हाताशी ठेवा. पौर्णिमा टाळता आली तर बरं.

त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती जहाजाला. बर्गनहून नॉर्वेच्या किनाऱ्याने किर्केनेसपर्यंत जाणारी जहाजं आहेत. एका बाजूचा प्रवास सहा रात्रींचा. खोलीतच स्वच्छतागृह, गुडघ्यांसाठी लिफ्ट. आकाशात प्रकाश दिसू लागले की सूचना देण्याची सोय पुष्कळ जहाजांवर असते, ती तुमच्या जहाजावर आहे का ते विचारून घ्या. म्हणजे गरम खोलीतून उठून दहा मिनिटं डेकवर या आणि परत जा. रात्री बसमधून शंभर किलोमीटर जाऊन, बर्फात तीन तास उभं राहण्यापेक्षा त्यांना हे कितीतरी सोसेल. काही टप्पे उघड्या समुद्रातून जातात, तेव्हा जहाज हलतं. तुम्हा दोघांपैकी कुणाला बोट लागते का, ते तपासून बुकिंग करा.

थंडीपेक्षा घसरण्याची काळजी जास्त घ्या. मार्चमध्ये बर्फ दिवसा थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि फुटपाथ काचेसारखे होतात. बुटांखाली चढवायचे काटे मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. अंगालगत लोकरीचा थर घाला, सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं. आणि एक सांगून ठेवते: डोळ्यांना हे प्रकाश पुष्कळदा फिकट, पांढुरके दिसतात आणि मोबाइलच्या फोटोत गडद हिरवे. हे ठाऊक असलं की पहिल्या रात्री मन खट्टू होत नाही.

त्यांच्या डॉक्टरांना महिनाभर आधी भेटा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. गोळीची मात्रा तशीच ठेवायची का, हे त्यांनीच ठरवायचं. प्रवास विमा घेताना रक्तदाब आणि गुडघे दोन्ही लिहून द्या, नाहीतर ऐनवेळी दावा नाकारला जाऊ शकतो. शेंगेन व्हिसा (नॉर्वेसह बऱ्याच युरोपीय देशांना चालणारा एकच व्हिसा) लागणार असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. तुम्ही तीन महिने आधी करा. गोळ्या, चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत, परतीच्या दिवसानंतर आणखी आठवडाभर पुरतील इतक्या. मुलांना तारखा कळवा, परवानगी मागू नका.